वॉरंटीत तीर्थ बसत नाही

मेनेलाओसला मायक्रोफोन हवा होता. यूएसबीचा, थेट लॅपटॉपला लागणारा, पन्नास युरोंच्या आतला. बस, एवढीच गोष्ट. त्यात लिफ्टजवळची नोटीस, बकरीच्या लोकरीच्या चार घोंगड्या, एक पाद्रीबाबा आणि एक पोलिस शिपाई कुठून घुसले, असं विचाराल तर त्याला इलाज नाही. आमच्या बंदरात माणूस एकट्यानं लग्न करू शकतो, पण एकट्यानं खरेदी करू शकत नाही.

मेनेलाओस म्हणजे आमच्या बंदराचा आवाज. एकतीस वर्षं त्यानं धक्क्यावरच्या काचेच्या खोलीत बसून जहाजांच्या घोषणा केल्या. कुठलं जहाज कुठल्या बेटाला, किती वाजता, कुठल्या फलाटावरून, सगळं. तीन हिवाळ्यांपूर्वी बंदरानं यंत्र बसवलं. त्यात एका बाईचा आवाज भरून आणलेला आहे. आवाज गोड आहे, उच्चार शुद्ध आहेत आणि तो कोणीही ऐकत नाही. मेनेलाओसला एक पितळी तबकडी देऊन घरी पाठवलं. तो कोणाला काही बोलला नाही. फक्त तेव्हापासून जहाजाचा भोंगा वाजला की तो उठून गॅलरीचं दार लावून घ्यायचा. बायको म्हणायची, वारं लागतं का रे? तो म्हणायचा, हो, वारं.

तर या उन्हाळ्यात नगरपालिकेनं जाहीर केलं की आपल्या इंटरनेट रेडिओवर दर आठवड्याला अर्धा तास एका नागरिकाला मिळेल. विषय, आपल्या गावाच्या गोष्टी. घरच्या घरी ध्वनिमुद्रण करायचं. दहा मिनिटांचा नमुना जूनच्या शेवटच्या शुक्रवारी दुपारी दोनच्या आत द्यायचा, त्यातून एकाची निवड. मेनेलाओसनं ते पत्रक चार वेळा वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं, पुन्हा काढून वाचलं. मग बायकोला, अर्गिरोला, सांगितलं.

"आणि ऐकणार कोण?" अर्गिरो म्हणाली. भांडी घासता घासता, अगदी सहज म्हणाली बिचारी.

मेनेलाओसनं ऐकलं नाही असं दाखवलं. पण हा प्रश्न तो स्वतःच तीन वर्षं उशाशी घेऊन झोपत होता, त्यामुळे तो त्याला जिथं लागायचा तिथं बरोबर लागला.

मायक्रोफोन हा शब्द मुळात आमचा, ग्रीकांचा, हे इथं नमूद करून ठेवतो. शब्द आम्ही दिला आणि यंत्र चीननं बनवलं. आमच्या बहुतेक गोष्टींचं असंच झालंय, पण तो विषय वेगळा. मेनेलाओसनं शाळेच्या वहीत दोन रकाने आखले आणि आठ दिवस अभ्यास केला. त्यातून निघालं ते असं: हे मायक्रोफोन दोन जातींचे. एक कंडेन्सर. त्याचे कान तिखट, दहा पावलांवर पाल चुकचुकली तरी ऐकतो. दुसरा डायनॅमिक. तो अंमळ बहिरा, तोंडाशी धरून बोललात तरच दखल घेतो. किंमत साधारण तीच. आता यातला कुठला घ्यायचा, एवढंच ठरवायचं होतं. शहाण्या माणसानं घरी बसून ठरवलं असतं. मेनेलाओस कॉफीच्या दुकानात जाऊन बसला.

"तिखट कानाचाच घे," प्रोद्रोमोस म्हणाला. हा आमच्या इमारतीचा व्यवस्थापक, लष्करी बँडमधून निवृत्त झालेला. आपण तिथं तुतारी वाजवायचो असं तो दर दोन वाक्यांआड सांगतो. "स्वस्तातली वस्तू आहे. निदान ऐकायला तरी चांगलं यावं. बहिरं यंत्र घेऊन काय करशील? घरात सासू आहे ना एक बहिरी?"

"माझी सासू बहिरी नाही," मेनेलाओस म्हणाला.

"मग मी नमस्कार केला की तोंड का फिरवते?"

वरच्या मजल्यावरच्या कालिरोईबाईंचा भाचा श्टुटगार्टला असतो, तो फोनवरून म्हणाला, जर्मन घ्या. त्याची किंमत ऐकून कालिरोईबाईंनीच फोन बंद केला.

शेवटी फोतिसच्या दुकानात तीन मायक्रोफोन निघाले. एक गुलाबी, त्याला मांजराचे कान होते. एक डायनॅमिक, साधा काळा, खोका फाटलेला. आणि एक कंडेन्सर, निळा दिवा लागणारा, खाली लोखंडी बैठक. मेनेलाओसनं वही उघडली, दोन्ही रकाने वाचले, मग दोन्ही मायक्रोफोन एकेका हातात घेऊन तोलून पाहिले. कंडेन्सर जड होता. जड आहे म्हणजे चांगला असणार. आठ दिवसांचा अभ्यास तिथं संपला.

खोका हातात घेऊन तो इमारतीत शिरला आणि चांगुलपणाला सुरुवात झाली. आमच्याकडे कोणी नवी वस्तू आणली की बघणाऱ्यानं तिचं कौतुक करायचं, आणि कौतुक केलंच आहे तर दृष्ट लागू नये म्हणून लगेच तिच्यावर तीनदा थुंकायचं. "वा! लाभो तुला! थू थू थू!" दारात प्रोद्रोमोस. "काय झकास आहे हो! थू थू थू!" लिफ्टमध्ये कालिरोईबाई. तिसऱ्या मजल्यावर पोहोचेपर्यंत अकरा माणसांनी शुभ चिंतलं होतं. शेवटी सासूबाई एवांथिया. त्यांनी मायक्रोफोन खोक्यातून काढून दोन्ही हातांत धरला आणि जवळून, मनापासून, तीनदा केलं. हे थुंकणं कोरडं असतं असं सगळेच म्हणतात. सगळ्यांचं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेनेलाओसनं स्वयंपाकघरात टेबलावर मायक्रोफोन ठेवला, अर्गिरोला बाजारात पाठवलं, सासूबाईंना हातात विणकाम देऊन बसवलं आणि दहा मिनिटं बोलला. गोष्ट चांगली होती. चुकीच्या जहाजात चढून भलत्याच बेटावर उतरलेल्या वऱ्हाडाची. आणि त्यानं ती रंगवून सांगितली. मग प्रोद्रोमोसला खास बोलावलं, खुर्ची दिली, कॉफी दिली आणि ध्वनिमुद्रण लावलं.

मेनेलाओसचा आवाज विहिरीतून आल्यासारखा येत होता. कारण हा मायक्रोफोन बाजूनं ऐकतो, आणि मेनेलाओस बंदरातल्या सवयीनं त्याच्या टाळक्यावर बोलला होता. पण त्याच्या मागे, स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेरच्या हवेच्या बोगद्यातून, कालिरोईबाईंचा आवाज असा स्वच्छ येत होता की जणू त्या टेबलावर बसून बोलतायत. त्या पाचव्या मजल्यावरच्या बाईंना सांगत होत्या:

"तुतारी? कसली तुतारी! झांजा वाजवायचा तो. झांजा! आणि त्यासुद्धा चुकायच्या. माझ्या दिरानं डोळ्यांनी पाहिलंय. राष्ट्रीय दिनाच्या संचलनात हा एकटाच दोन पावलं मागे आणि झांज पुढे!"

प्रोद्रोमोसनं कॉफीचा कप खाली ठेवला. बोटांत फिरवायची मण्यांची माळ खिशात टाकली. "छान आहे यंत्र," तो म्हणाला. "कान तिखट आहेत." आणि गेला.

संध्याकाळी लिफ्टजवळ नोटीस लागली. रहिवाशांच्या संभाषणाच्या वेळेत इमारतीत ध्वनिमुद्रण करण्यास मनाई आहे. संभाषणाची वेळ: सकाळी सात ते दुपारी तीन, आणि साडेपाचपासून रात्री अकरापर्यंत. म्हणजे उरले दुपारचे तीन ते साडेपाच. आता उन्हाळ्यात दुपारी तीन ते साडेपाच सक्तीची शांतता असते, हे आमच्याकडे कुत्र्यांनाही माहीत आहे. त्या वेळेत ड्रिल मारलं, गाणं लावलं, मोठ्यानं बोललं की खालचा पोलिसांना फोन करतो.

"अरे, पण त्या वेळेत बोलायला बंदी आहे," मेनेलाओस व्यवस्थापकाच्या दारात उभा राहून म्हणाला.

"बोल की. कोण नको म्हणतंय?" प्रोद्रोमोस म्हणाला. "फक्त आवाज नको."

दुसरा कोणी असता तर इथंच सोडून दिलं असतं. पण मेनेलाओसच्या खिशात ते पत्रक होतं, आणि त्याला दुसरं काही सुचतच नव्हतं. त्यानं अर्गिरोच्या लग्नातली पेटी उघडली. आत तिच्या आईनं हुंड्यात दिलेल्या लोकरीच्या चार जाड घोंगड्या होत्या. केसाळ, पांढऱ्या, एकेक पाच-सहा किलोंची, आणि तीस वर्षांच्या डांबरगोळ्यांसकट. त्या जेवणाच्या टेबलावरून चारी बाजूंनी खाली सोडल्या. झाला स्टुडिओ. बाहेर अडतीस अंश. मेनेलाओस बनियनवर, टॉर्च आणि लॅपटॉप घेऊन, टेबलाखाली सरपटत शिरला.

"त्यांना घाम लावू नकोस," सासूबाई बाहेरून म्हणाल्या. "मी दोन हिवाळे विणल्यात त्या."

या वेळी तो योग्य बाजूनं बोलला. पण नोटिशीच्या भीतीनं कुजबुजला. ऐकताना असं वाटत होतं की कोणी फरारी इसम माळ्यावर लपून वऱ्हाडाची गोष्ट सांगतोय. डांबरगोळ्यांनी सव्वीस शिंका आल्या. त्या मोजून सव्वीस होत्या, कारण प्रत्येक शिंकेला सासूबाई बाहेरून "आरोग्य लाभो" म्हणत होत्या आणि तेही सव्वीस वेळा ध्वनिमुद्रित झालं होतं.

अर्गिरोनं ते ऐकलं आणि ओठ घट्ट मिटून स्वयंपाकघरात गेली. मेनेलाओसला तिची पाठ हलताना दिसली. ती हसत होती. त्याला राग आला नाही, पण जेवण गेलं नाही.

"यंत्राला दृष्ट लागलीये," सासूबाईंनी निदान केलं. त्यांनी ताटलीत पाणी घेतलं, त्यात बोटानं तेलाचा थेंब सोडला, तोंडातल्या तोंडात पुटपुटल्या. तेल पाण्यात पसरलं. "बघ! बघ कशी लागलीये! अकरा जणांनी पाहिलं ना!" मग त्यांना लागोपाठ सात जांभया आल्या. जांभया आल्या म्हणजे दृष्ट उतरली. तरी त्यांचं समाधान होईना. "नवीन काम सुरू करताना पाद्रीबाबांना बोलावलं होतंस का? नाही ना? दुकान उघडलं की तीर्थ शिंपडतात, शाळा सुरू झाली की शिंपडतात, नाव पाण्यात लोटली की शिंपडतात. या यंत्रानंच काय घोडं मारलंय?"

दुसऱ्या दिवशी पापा-गेरासिमोस आले. हा दणकट माणूस. उमेदीत मासेमारी केलेली, हात अजून वल्ही मारणारे. त्यांनी तीर्थाचं पातेलं टेबलावर ठेवलं, प्रार्थना म्हटली आणि तुळशीसारखा तो वासिलिकोचा जुडगा पाण्यात बुडवून शिंपडायला सुरुवात केली. जुडगा केवढा? केरसुणीएवढा. खोल्यांवर शिंपडलं, फ्रिजवर शिंपडलं, अर्गिरोवर, सासूबाईंवर. मग टेबलाकडे वळले.

"हा का तो?" त्यांनी वाकून पाहिलं. "कंडेन्सर घेतलास, बाळा? असो. देव बरं करो." आणि जुडगा गच्च भरून, आडवा, उभा, पुन्हा आडवा, असा क्रॉस काढला.

मायक्रोफोनचा निळा दिवा आधी फडफडला, मग हिरवा झाला. हिरवा दिवा त्या मायक्रोफोनमध्ये नव्हताच मुळी. मग तो विझला.

"हे यंत्र ओलं झालंय," फोतिस दुकानात म्हणाला. त्यानं खालचे स्क्रू काढले होते. "आत पाणी शिरलंय, मेनेलाओसराव. पाण्याला वॉरंटी नाही."

"पाणी नाही ते. तीर्थ आहे."

फोतिसचा हात थांबला. त्यानं स्क्रू-ड्रायव्हर बाजूला ठेवून छातीवर क्रॉसची खूण केली, एकदा मायक्रोफोनकडे बघून, एकदा भिंतीवरच्या संताच्या तसबिरीकडे बघून. "कोणाचं?"

"पापा-गेरासिमोसचं."

"मग भरपूर असणार."

"मी काही नळाखाली नाही धरला, फोतिस. पवित्र कार्यात झालंय. तू नाही म्हणालास तर त्याचा अर्थ काय होतो, बघ बाबा."

फोतिस घामाघूम झाला. श्रद्धाळू माणूस, दर रविवारी मेणबत्ती लावणारा. त्यानं वॉरंटीचं पुस्तक काढलं, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं. पूर होता, आग होती, लहान मूल होतं, पाळीव प्राणी होता. "तीर्थ बसत नाही यात," तो रडवेला होऊन म्हणाला. "मी काय करू? नुकसानीचं कारण लिहायला एकच रकाना आहे आणि त्यात 'द्रव' एवढंच लिहिता येतं. तीर्थाला मी द्रव कसं लिहू? माझी आई अजून जिवंत आहे."

शेवटी त्यानं कंपनीला फोन लावला. कंपनी म्हणाली, द्रव पवित्र असल्याचं संबंधित पाद्रीचं सहीशिक्क्यानिशी पत्र जोडा, वस्तू पाठवा, चाळीस कामकाजी दिवसांत कळवू. तो दिवस होता मंगळवार. मुदत होती शुक्रवार.

बुधवारी मेनेलाओस नगरपालिकेच्या सांस्कृतिक विभागात मुदत वाढवून मागायला गेला. तिथले कारकून अनेस्तिस सभ्य गृहस्थ होते.

"मुदत संपण्याआधी ती वाढवता येत नाही," ते म्हणाले. "कारण ती अजून आहे."

"आणि संपल्यावर?"

"संपल्यावर अर्ज घेत नाही. आणि हो, नमुना सीडीवर आणा. दोन प्रती. सोबत प्रतिज्ञापत्र, सही साक्षांकित, गोल शिक्का. चौकोनी शिक्का चालत नाही."

"सीडी? आता सीडी कोण वापरतं हो?"

"परिपत्रक जुनं आहे," अनेस्तिस मान खाली घालून म्हणाले. त्यांनाही वाईट वाटत होतं, पण कागद तो कागद.

मेनेलाओस घरी आला आणि घोंगड्यांच्या घड्या घालायला लागला. अर्गिरोनं विचारलं, झालं? तो म्हणाला, झालं. संपलं. ती काही तरी म्हणणार होती, पण बंदरातून भोंगा वाजला आणि मेनेलाओस दार लावायला उठला.

गुरुवारी दुपारी तो पाद्रीबाबांकडे पत्र आणायला गेला, केवळ सासूबाईंनी ढकललं म्हणून. चर्चच्या तळघरात त्यांचं कार्यालय आहे. पापा-गेरासिमोसनी सगळं ऐकून घेतलं, दाढीवरून हात फिरवला आणि कपाट उघडून एक काळा, टवके उडालेला मायक्रोफोन काढून टेबलावर ठेवला.

"बत्तीस युरोंचा. डायनॅमिक. प्रार्थना इंटरनेटवर दाखवायला घेतला होता. तीन वर्षं झाली, दर महिन्याला तीर्थ उडतं याच्यावर. मेणसुद्धा सांडलंय. काही झालं नाही."

"बाबा, तुम्हाला यातलं कळतं? मग त्या दिवशी का नाही बोललात?"

"तू विचारलंस का? मला वाटलं, गावभर विचारून आलाय, त्यात आता पाद्र्यानं कुठं नाक खुपसायचं." त्यांनी वायर लावली, कानावरचे मोठे हेडफोन त्याच्या हातात दिले. "तीन वाजून गेलेत, वर चिटपाखरू नाही. इथं भिंती मीटरभर जाड आहेत, पाहिजे तेवढा ओरड. दिवा लागला की सुरू कर. मी जरा आडवा होतो." आणि घरी गेले.

आता मेनेलाओसला माहीत होतं की रविवारी आमच्या संतांची जत्रा आहे. त्याला हेही माहीत होतं की कालच, बुधवारी, वायरमननं घंटाघराच्या टोकावर चारी दिशांना चार कर्णे चढवलेत. अख्ख्या गावानं मान वर करून बघितले होते, त्यानंही बघितले होते. पण लाल दिवा लागला आणि मेनेलाओसच्या डोक्यातलं बाकी सगळं पुसलं गेलं. एकतीस वर्षं त्यानं हाच दिवा लागायची वाट बघितली होती. दिवा लागला की पाठ ताठ होते, श्वास खोल जातो आणि जीभ आपलं काम करते. दुसरा माणूस आवाज तपासायला एक दोन तीन म्हणतो. मेनेलाओसला तेवढं एकच येत होतं.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावं. 'एवदोकिया' जहाज पाच मिनिटांत सुटत आहे. आपलं सामान मोजा. आपली माणसं मोजा. कोणी मागे राहिलं असेल तर हाक मारा. घाई करा, पण धावू नका."

हेडफोनमध्ये त्याला स्वतःचा आवाज ऐकू आला. विहिरीतला नाही, घोंगडीतला नाही. त्याचा. त्याच्या अंगावर काटा आला. मग त्यानं शेवटची सूचनाही देऊन टाकली, आणि मग, कोणी बघत नाहीये म्हणून, खरोखर शेवटची. त्यानंतर वऱ्हाडाची गोष्ट सुरू केली. दहा मिनिटं एका दमात, एकही शिंक न येता, सांगितली. संपल्यावर हेडफोन काढले, डोळे पुसले, मायक्रोफोनला हात जोडले आणि जिना चढून बाहेर आला.

रस्त्यावरून माणसं पळत होती. भर शांततेच्या वेळेत, रणरणत्या उन्हात, बॅगा, टोपल्या, छत्र्या, पोरं काखेत. खानावळीतून उठलेल्या एकाच्या गळ्यात अजून रुमाल होता. एकाच्या अर्ध्या गालाला साबण होता. मेनेलाओसनं त्यालाच अडवलं.

"अहो, काय झालं?"

"एवदोकिया सुटतंय!"

"आत्ता? ते तर साडेपाचला! कोण म्हणालं?"

"मेनेलाओस म्हणाला!" तो माणूस ओरडला आणि पुढे पळाला.

मेनेलाओसनं वर घंटाघराकडे पाहिलं. मग तोही धावत सुटला.

धक्क्यावर दोनशे माणसं उभी होती आणि समोर नुसता समुद्र होता. यंत्रातली बाई गोड आवाजात सांगत होती की पुढचं जहाज साडेपाच वाजता आहे. तिनं ते सहा वेळा सांगून झालं होतं, पण तिच्याकडे कोणी ढुंकून बघत नव्हतं. मेनेलाओस एका खोक्यावर चढला, हात वर केले आणि खरं काय ते सांगितलं. मग जे ऐकून घ्यावं लागलं ते इथं लिहिता येत नाही. एकजण म्हणाला, गाढवा, ताटात गरम मासा टाकून आलो. "माझं वय ऐंशी," एक म्हातारी काठी आपटून म्हणाली, "त्या यंत्रातल्या बाईचं मी कधी ऐकत नाही. तुझं ऐकलं, तर हे! लाज वाटते का?"

"वाटते, मावशी," मेनेलाओस म्हणाला. वाटतही होती. पण त्याचं काळीज असं धडधडत होतं की लाजेनं तसं होत नाही.

गर्दी पांगायला लागली तेव्हा त्याला सगळ्यांच्या मागे अर्गिरो दिसली. घरातल्या सपाता, हातात पर्स, केसांत एक रोलर अडकलेला. तिनं त्याच्याकडे बघितलं आणि पाठ फिरवून घराकडे चालू लागली. तिला हाक मारायच्या आत पोलिस शिपाई येऊन उभा राहिला. पहिली तक्रार प्रोद्रोमोसची होती, वेळेसकट.

चौकीत दोन गोष्टी घडल्या. पहिली, पापा-गेरासिमोस झोपमोड झालेल्या चेहऱ्यानं आले आणि म्हणाले की ध्वनिमुद्रण झालेलंच नाही. लाल दिवा कर्ण्यांचा होता, ध्वनिमुद्रणाचं बटण मेनेलाओसनं दाबलंच नव्हतं. दहा मिनिटांची गोष्ट सगळ्या गावानं ऐकली होती आणि ती कुठेही उरली नव्हती. दुसरी, ठाणेदारानं ताकीद लिहिली, कार्बन लावून तीन प्रतींत, आणि त्यातल्या दोन मेनेलाओसच्या हातात ठेवल्या. मेनेलाओसनं ती रात्रभर उशीखाली ठेवली. सकाळी काय मनात आलं कोण जाणे, कोट घातला आणि तीच घेऊन सांस्कृतिक विभागात गेला.

"सीडी?" अनेस्तिसनी विचारलं.

"नाही. हे आहे."

अनेस्तिसनी चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. "सदर इसमाचा आवाज दुपारी तीन वाजून बेचाळीस मिनिटांपासून दहा मिनिटांहून अधिक काळ शहराच्या सर्व भागांत, बंदरापासून दफनभूमीपर्यंत, स्पष्ट व शब्दशः ऐकू आला. सुमारे दोनशे नागरिकांनी त्यानुसार तातडीनं कृती केली." त्यांनी कागद उलटा केला, सुलटा केला, उजेडात धरला. "सही. जावक क्रमांक. शिक्का गोल आहे. आणि दोन प्रती."

"चालेल का हो?" मेनेलाओसनं विचारलं.

अनेस्तिसनी दार बंद आहे ना ते पाहिलं. "खरं सांगू? नऊ सीड्या आल्यात. त्या लावायला आमच्याकडे यंत्र नाही. वाचता येण्यासारखा नमुना तुमचाच आहे." त्यांनी कागदावर आवक क्रमांक टाकला आणि शिक्का असा मारला की टेबल हललं. "दर गुरुवारचा अर्धा तास तुमचा. आणि आपल्यात म्हणून सांगतो, काल माझी बॅग भरून झाली होती. मला कुठंच जायचं नव्हतं."

मेनेलाओस घरी आला तेव्हा अर्गिरो गॅलरीत बसून घेवड्याच्या शेंगा मोडत होती. त्यानं बातमी सांगितली. ती म्हणाली, बरं झालं, आणि शेंगा मोडत राहिली. तो दारात उभाच राहिला.

"काल तू धक्क्यावर कशाला आली होतीस?"

"आले. सगळेच आले होते."

"तुला कुठं जायचं होतं?"

"कुठं नाही."

"मग?"

अर्गिरोनं हातातली शेंग मोडली, धागा काढून टाकला. "झोपले होते. तू म्हणालास निघा, उठून निघाले. कुलूपसुद्धा लावलं नाही. बेकरीपाशी पोहोचले तेव्हा आठवलं की आपल्याला जायचं नाहीये कुठं."

"मग परत का नाही फिरलीस?"

"तू हाक मारत होतास ना," ती म्हणाली. "अर्ध्यातून कशी फिरू?"

त्यानं खुर्ची ओढली आणि तिच्यासमोर बसला. तिनं शेंगांची टोपली दोघांच्या मध्ये सरकवली.

"आवाज चांगला येत होता तुझा," अर्गिरो म्हणाली.